बीपी मोजला, फोटो निघाला. पुढं?

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या गावात मोफत आरोग्य शिबिर झालं. मारुतीच्या पारापुढं मांडव, कर्ण्यावर गाणी, बॅनरवर डॉक्टर दोन आणि पुढारी अकरा. आमचे नाना (माझे चुलते) रानातून थेट रांगेत येऊन उभे. गालात तंबाखूचा बार. पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधला, नाना शेजारच्याशी बोलतच होते, मशीन वाजलं: १७८/१०४. पोरानं चिठ्ठीवर आकडा लिहिला, "दाखवून घ्या" म्हणाला आणि पुढच्याचा हात धरला.

चिठ्ठी काकूनं कॅलेंडरच्या खिळ्याला टोचली. दसरा झाला, नानांची ऊसतोडीची टोळी कारखान्यावर गेली. चिठ्ठी खिळ्यालाच. जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात, उसाच्या फडात, नानांच्या हातातला कोयता गळून पडला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळली.

आता कुणी म्हणेल, मोजलंच चुकीचं होतं. चुकलं होतंच. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड उघडा आणि छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, बोलणं नाही, आणि दोनदा मोजायचं. तसं केलं असतं तर आकडा थोडा उतरला असता. पण १७८ चा काही सगळाच फुगवटा नव्हता. आठ दिवसांनी परत मोजायला बोलवायचं, ते कुणाच्या यादीतच नव्हतं.

"मला तर काहीच होत नाही" हे नानांचं पालुपद. अहो, ठिबकच्या नळीत प्रेशर वाढलं तर नळी बाहेरून ठणठणीतच दिसते, सुटतो तो जोड. दुसरं पालुपद, "गोळी एकदा लागली की सुटत नाही." बरोबर आहे, बहुतेकांना कायमचीच लागते. लकवा तरी कुठं सुटतो?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के बायकांना वाढलेला बीपी होता किंवा त्याची गोळी चालू होती. म्हणजे पारावर पाच जण बसले तर त्यातला एक. माणसं सापडायला मांडव लागत नाही, सापडलेली धरून ठेवायला वही लागते.

हे करून दाखवलंय लोकांनी. २०१७ च्या अखेरीस केंद्रानं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम पाच राज्यांत सुरू केला. आपल्याकडं आधी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे घेतले. पहिल्या खेपेला मराठवाडा नाही, ते आपल्याला नवीन नाही म्हणा. त्यात जादू काहीच नव्हती: ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, महिन्याचा डोस एकदम हातात, पेशंटचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन. किती जणांचा मोजला याच्या जोडीला किती जणांचा १४०/९० च्या खाली आला, हेही मोजायचे. आपल्या बॅनरवर हा दुसरा आकडा कधी पाहिलाय का?

मिठाचं बोलायचं तर ठेचा, खारवड्या, पापड, लोणचं; दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा आपण न्याहारीलाच ओलांडतो. पण मिठावर भाषण देऊन ऊसतोड्याला हाकलून देऊ नका. त्याची अडचण वेगळी आहे. दवाखान्यात गेला की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांतून) कापणार, आणि महिन्याची गोळी संपते तेव्हा तो गावापासून दोनशे-तीनशे किलोमीटर लांब असतो. टोळी हलायच्या आधी, दसऱ्यालाच, कोयत्यागणिक (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) दोघांचाही बीपी मोजून तीन महिन्यांच्या गोळ्या आणि कार्ड हातात द्यायला काय हरकत आहे? कोरोनात कित्येक ठिकाणी जास्त दिवसांच्या गोळ्या दिल्याच की.

परवा उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम घरी आल्या होत्या. नानांना खुर्चीत टेकून बसवलं, डावा दंड उघडा केला, पाच मिनिटं थांबल्या. १३८/८४. परत मोजायला पट्टा फुगायला लागला तसं नाना अडखळत म्हणाले, "मग... आता बंद करू का गोळी?"

"नाना, आधी गप बसा. बोललं की आकडा चढतो."