सूचनापेटी कुठे लावावी?

अभिनंदन! एका मोठ्या सैन्याची सूत्रं तुमच्या हाती आली आहेत, आणि पहिल्याच भाषणाच्या भरात तुम्ही बोलून गेलात की, "सुधारणा खालून वर यायला हव्यात." टाळ्या पडल्या. पंचाईत एवढीच की, मागच्या रांगेतल्या दोन-चार शिपायांना ते खरं वाटलं. त्यातला एक जण आत्ता बराकीत दिव्याखाली कागद घेऊन बसला आहे. घाबरू नका. सैन्य ही फार जुनी संस्था आहे आणि असल्या प्रसंगातून सुखरूप कसं निसटावं याचा तिला दांडगा अनुभव आहे.

सुरुवात पेटीपासून करा. पेटी हवीच, नाहीतर लोक थेट बोलू लागतात. ती मुख्यालयाच्या दारात, कारकुनाच्या टेबलासमोर लावावी. कागद कुणी टाकला हे कारकुनाला दिसलं पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या सार्जंटला कळलं पाहिजे. किल्ली भांडारप्रमुखाकडे ठेवा. निम्म्या सूचना बूट, पट्टे, बॅटऱ्या आणि सुट्या भागांबद्दल असतात, म्हणजे त्याच्याचबद्दल. त्या त्यानेच वाचलेल्या बऱ्या.

जमाना बदलला असेल तर पेटीऐवजी ॲप काढा. त्यात 'निनावी सूचना' असं ठळक बटण असू द्या, मात्र ते सेवा क्रमांक टाकून आत शिरल्यावरच दिसावं.

खऱ्याखुऱ्या निनावीपणाचा मोह टाळा. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतुकीने तो टाळला नाही. चुका आणि धोके वैमानिकांनी आपणहून कळवावेत अशी तिथल्या नियामक संस्थेची इच्छा होती. पण जो दंड करतो त्याच्याकडे कबुली द्यायला कोण जाणार? मग १९७६ मध्ये हे काम 'नासा'कडे सोपवलं गेलं. ना परवाना काढून घेण्याचा अधिकार, ना शिक्षेचा, आणि आलेल्या पत्रावरून नावगाव पुसून टाकायची पद्धत. झालं! वैमानिक लिहीत सुटले, ते अजून थांबलेले नाहीत. एवढा पत्रव्यवहार तुम्हाला झेपणार आहे का?

पेटीनंतर नमुना अर्ज. आपल्या शिपायाला सांगायचं आहे ते असं: "नव्या पाठपिशवीचं बक्कल नेमकं बंदुकीचा दस्ता टेकतो तिथे येतं. दोन बोटं खाली घ्या." दीड ओळ. या दीड ओळीसाठी चार पानी अर्ज ठेवा. रकाना सात: अपेक्षित वार्षिक बचत. रकाना नऊ: आवश्यक अर्थसंकल्पीय तरतूद. रकाना अकरा: इतर दलांच्या कार्यपद्धतीवर होणारा परिणाम. जो माणूस अकराव्या रकान्यानंतरही लिहीत राहतो, त्याच्यावर नजर ठेवा. तो चिवट आहे.

आणि अर्ज योग्य मार्गानेच वर यायला हवा. या मार्गाची रचना मला स्थापत्यशास्त्राचा उत्तम नमुना वाटते. तुकडीप्रमुख, प्लाटून, कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन: सहा पायऱ्या. सहाही जणांना 'नाही' म्हणता येतं; 'हो' म्हणायचा अधिकार फक्त सहाव्याला. शिवाय सूचना म्हणजे सभ्य भाषेतली तक्रारच. बक्कल चुकीच्या जागी आहे हे शिपायाला दिसलं, मग कॅप्टनला इतके दिवस का दिसलं नाही? हा प्रश्न कागदावर कुठेही नसतो, पण प्रत्येक पायरीवर तोच आधी वाचला जातो. म्हणून शेरे सौम्य होत जातात. खाली लिहिलेलं असतं, "बक्कल खांद्यात रुततं, नेम चुकतो." कंपनीत त्याचं होतं, "बक्कलाची जागा काहींना गैरसोयीची वाटते." ब्रिगेडमध्ये, "पाठपिशवीबाबत संमिश्र प्रतिसाद." तुमच्या टेबलावर येईपर्यंत जवानांनी नव्या पाठपिशवीचं स्वागत केलेलं असतं. एकाही माणसाने खोटं बोललेलं नसतं, हे विशेष.

काही हट्टी माणसं मात्र पायऱ्या सोडून भिंतीवर चढतात. १९४१ साली कैरोत डेव्हिड स्टर्लिंग नावाचा एक कनिष्ठ ब्रिटिश अधिकारी पॅराशूटच्या अपघातातून सावरत असताना कुबड्या घेऊन मुख्यालयात घुसला आणि छोट्या छापामार तुकड्यांची योजना थेट वरिष्ठांच्या हातात ठेवून आला, असा किस्सा सांगतात. त्यातून 'एसएएस' हे ब्रिटिश सैन्याचं विशेष दल उभं राहिलं. बोध घ्या: फाटकावरच्या पहारेकऱ्याला लंगडणारी माणसंही अडवायला शिकवा.

आता समजा, सगळं करूनही एखादी चांगली कल्पना वर पोचलीच. तेव्हा चाचणीचा आदेश द्यावा. चाचणी कशी घ्यावी याचा वस्तुपाठ अमेरिकी नौदलाने घालून दिला आहे, तो जरा तपशिलात पाहू.

गेल्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जहाजावरून तोफ डागणं हा बराचसा नशिबाचा खेळ होता. जहाज डोलतं, तोफही डोलते. गोलंदाज तोफेच्या नळीची उंची ठरवून ठेवायचा आणि डोलता डोलता निशाण समोर आलं की बार काढायचा. १८९८ मध्ये 'सिला' या ब्रिटिश जहाजाचा कप्तान पर्सी स्कॉट खवळलेल्या समुद्रात आपल्या माणसांचा सराव बघत होता. एकाचे गोळे इतरांपेक्षा ठळकपणे जास्त लागत होते. स्कॉट जवळ जाऊन बघतो तर हा गडी, बहुधा स्वतःच्याही नकळत, जहाजाच्या डोलण्याबरोबर उंचीचं चाक सतत मागेपुढे फिरवत होता. निशाण दुर्बिणीतून हलूच देत नव्हता. स्कॉटने चाकाचे दाते बदलले, दुर्बीण सुधारली आणि सगळ्यांना तेच शिकवलं. तो गोलंदाज कोण होता, हे ही गोष्ट सांगताना सहसा कुणी सांगत नाही. (हा धागा लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.)

चीनच्या किनाऱ्यावर विल्यम सिम्स या तरुण अमेरिकी अधिकाऱ्याने स्कॉटकडून ही युक्ती शिकून घेतली, आपल्या जहाजावर करून बघितली आणि वॉशिंग्टनला अहवाल धाडला. मग आणखी एक. मग आणखी. दोन वर्षांत तेरा. आधी उत्तरच नाही, हे तर उत्तमच. पुढे सिम्सची भाषा तिखट झाली आणि त्याने नकला इतर अधिकाऱ्यांनाही पाठवल्या, तेव्हा मुख्यालयाला बोलणं भाग पडलं. मुख्यालय म्हणालं: आमची सामग्री ब्रिटिशांच्या तोडीची आहे, नेम चुकत असेल तर तुम्ही अधिकारी माणसांना नीट शिकवत नाही, आणि असा सतत नेम धरणं मुळात अशक्यच आहे, आम्ही प्रयोग करून पाहिला आहे.

प्रयोग खरोखरच झाला होता, गोदीत, पक्क्या जमिनीवर. पाच तगडी माणसं चाकाला लावली आणि जहाज जितक्या वेगाने डोलतं तितक्या वेगाने तोफ वरखाली होईना. होणार कशी? समुद्रावर जहाज डोलताना तोफेची जडता, म्हणजे आहे त्या स्थितीत राहण्याची ओढ, गोलंदाजाच्या बाजूने असते. जमिनीवर तीच त्याच्या विरुद्ध उभी राहते. म्हणजे जहाजावरच्या युक्तीची चाचणी जहाज वगळून झाली आणि ती नापास ठरली. इतका निर्दोष प्रयोग क्वचितच बघायला मिळतो. आकडे, साक्षीदार, सह्या, सगळं जागच्या जागी. नव्हता फक्त समुद्र. कुठल्याही नव्या कल्पनेसाठी तुम्हीही अशीच एक गोदी शोधून ठेवा.

दुर्दैवाने सिम्सने सरळ राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना पत्र लिहिलं, आणि त्याहून मोठं दुर्दैव म्हणजे त्यांनी ते वाचलं. १९०२ मध्ये सिम्स नेमबाजी सरावाचा निरीक्षक झाला. त्याआधी, १८९९ मध्ये पाच जहाजांनी सोळाशे यार्डांवरच्या एका जुन्या जहाजावर पाळीपाळीने पंचवीस मिनिटं तोफा डागल्या होत्या आणि दोन गोळे लागले होते, तेही शिडांना. सहा वर्षांनी तेवढ्याच अंतरावरच्या निशाणावर एकट्या गोलंदाजाने एका मिनिटात पंधरा गोळे मारले. तेरा अहवालांवर मौन पाळण्याची तुमच्या पूर्वसुरींची सारी मेहनत पाण्यात गेली.

वाईट बातमी अशी की, लढाई सुरू झाली की हा बंदोबस्त सैल पडतो. अर्ज भरायला वेळ नसतो आणि मुख्यालय लांब असतं. १९१५ च्या डिसेंबरात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन फौजांना तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीहून माघार घ्यायची होती आणि शत्रूला सुगावा लागू द्यायचा नव्हता. विल्यम स्करी या ऑस्ट्रेलियन लान्स कॉर्पोरलने काय केलं, तर दोन डबे घेतले. वरच्यातलं पाणी थेंबथेंब खालच्यात पडतं, खालचा जड झाला की दोरी ओढली जाते, बंदूक उडते. खंदक रिकामे झाल्यावरही बंदुका अधूनमधून उडत राहिल्या. तिथल्या ॲनझॅक आणि सुव्हला या ठाण्यांवरून सुमारे ८०,००० माणसं जवळजवळ जीवितहानीशिवाय निघाली. या डब्यांची अपेक्षित वार्षिक बचत किती, हा रकाना कोराच आहे.

याहून घातक प्रथा म्हणजे सरावानंतरची उघड चर्चा. अमेरिकी भूदलाने १९८० च्या दशकात मोहावे वाळवंटातल्या फोर्ट अर्विनला ती रुजवली. खोटी लढाई संपली की धूळ झटकायच्या आत सगळे गोलात बसतात. काय व्हायचं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. आणि तिथे रणगाड्याचा चालक आपल्या कमांडरसमोर सांगू शकतो की, हुकूम आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. एकदा का कमांडरने "बरोबर आहे, माझं चुकलं" म्हटलं की संपलंच. पुढच्या वेळी खालचे लोक पेटीची वाट बघत नाहीत. तुमच्याकडे असली बैठक घ्यायचीच झाली तर पहिला अर्धा तास तुम्ही बोला. मग विचारा, "कुणाला काही शंका?" शांतता पसरेल. तिची 'एकमत' अशी नोंद करा.

उत्तराबद्दल एकच सांगतो. नकार कधीही देऊ नका. नकाराला कारण द्यावं लागतं आणि कारण वाचून माणूस कल्पना सुधारून परत येतो. "विचाराधीन आहे" एवढंच कळवा. वर्षभर विचाराधीन राहिलेला माणूस दुसरा कागद लिहीत नाही. आणि शेजारच्या खाटेवरचा तर पहिलाही लिहीत नाही. तुमचा वार्षिक अहवाल मग सांगू शकतो की, सूचनांची संख्या घटली, अर्थात समाधान वाढलं.

राहता राहिला गौरव. यात कंजुषी नको, पण प्रमाण सांभाळा. लान्सलॉट डी मोल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९१२ मध्येच रणगाड्याचा आराखडा ब्रिटिश युद्ध खात्याकडे पाठवला होता. आराखडा परत आला. चार वर्षांनी रणगाडे रणांगणावर उतरले ते दुसऱ्यांच्या आराखड्यावर, आणि डी मोल साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. युद्धानंतर १९१९ मध्ये चौकशी आयोगाने मान्य केलं की, त्याची कल्पना प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या यंत्राहून काही बाबतींत सरस होती. त्याला झालेला खर्च दिला आणि मानद कॉर्पोरल केलं. एका रणगाड्यामागे दोन फिती. हा दर सोडू नका.

बक्षीस समारंभात नावांचा घोळ मात्र होऊ देऊ नका. १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या दाट कुंपणांच्या बांधांवर रणगाडे चढले की त्यांची पोटं उघडी पडत. अमेरिकी सार्जंट कर्टिस कलिनने समुद्रकिनाऱ्यावरच्या जर्मन अडथळ्यांचं पोलाद कापून रणगाड्याच्या नाकाडाला दाते जोडले, आणि रणगाडे बांध फोडून आरपार जाऊ लागले. जनरल ब्रॅडलींनी १४ जुलैला प्रात्यक्षिक पाहिलं आणि शेकडो रणगाड्यांना दाते बसवायचा हुकूम सोडला. कलिनला पदक मिळालं. इथवर सगळं शिस्तीत. पण कलिन सांगू लागला की, दाते लावायची गोष्ट आधी रॉबर्ट्स नावाच्या एका माणसाने काढली होती. तेव्हा सगळे हसले होते, मी हसलो नाही, एवढंच.

असा सार्जंट व्यासपीठावर माईकच्या जवळ येऊ देऊ नका. फोटोत मधे तुम्ही, उजवीकडे डिव्हिजन, डावीकडे ब्रिगेड, कडेला भांडारप्रमुख, पुढे टेबलावर दोन बोटं खाली घेतलेल्या बक्कलाची नवी पाठपिशवी. तो शिपाई कुठे आहे असं कुणी विचारलं, तर सांगा, फाटकावर पहाऱ्याला आहे. लंगडणारं कुणी आत येऊ नये म्हणून.