अक्का, टायगर तिक्रितला गेलाच नव्हता

परवा नाईट ड्युटी संपवून घरी आले, चहा टाकला आणि फोन बघितला तर घरच्या ग्रुपवर अक्कांचा मेसेज. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मेसेज कुठूनसा आलेला, त्यांनी नुसता पुढे ढकललेला. पण खाली स्वतःची एक ओळ होती : ‘आता मी काळजी सोडली. पोरीला जाऊ दे.’

पोरगी म्हणजे माझी पुतणी. बी.एस्सी. नर्सिंग झाली, दोन वर्षं आयसीयूत राबली आणि आता एका एजंटामार्फत इराकला निघालीय. म्हणून हे लिहायला बसले. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही.

मेसेज थोडक्यात असा : सलमानचा ‘टायगर जिंदा है’ हा सिनेमा म्हणजे सत्यकथा आहे. २०१४ मध्ये इराकमध्ये अतिरेक्यांनी हॉस्पिटलात कोंडलेल्या आपल्या नर्सेसना सोडवायला ‘रॉ’ने आपला निवृत्त एजंट परत बोलावला. तो बायकोमुलासह परदेशात लपून राहत होता. त्याचं खरं नाव रवींद्र कौशिक. त्याने पाकिस्तानी हेरांना सोबत घेऊन अतिरेक्यांचा खातमा केला. अमेरिका हॉस्पिटलावर बाँब टाकणार होती, त्याआधी त्याने सगळ्या भारतीयांना सुखरूप घरी आणलं. शेवटी जय हिंद आणि ‘प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा’.

कौशिकांपासून सुरू करते, कारण ते एका वाक्यात संपतं. रवींद्र कौशिक हे ‘रॉ’चे खरेखुरे हेर, १९८३ मध्ये पाकिस्तानात पकडले गेले आणि २००१ मध्ये तिथल्याच तुरुंगात वारले. नर्सेस अडकल्या त्याच्या तेरा वर्षं आधी. ज्या माणसाला मायदेशी परत यायलाच मिळालं नाही, त्याला निवृत्त करून परदेशात संसार थाटून देणं हा त्याच्या मरणाचा अपमान आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ते कळलं नसेल, पण पुढे पाठवणाऱ्यांनी तरी नाव शोधून बघायचं होतं.

अमेरिकेच्या बाँबचंही तसंच. सिनेमात सात दिवसांची मुदत आहे, कारण सिनेमाला घड्याळ लागतं. प्रत्यक्षात अमेरिकेने इराकमध्ये ‘आयसिस’वर, म्हणजे याच अतिरेक्यांच्या संघटनेवर, पहिला हवाई हल्ला केला ८ ऑगस्ट २०१४ ला. आपल्या नर्सेस कोचीच्या विमानतळावर उतरल्या ५ जुलैला. महिनाभर आधी. त्या जिथे अडकल्या होत्या त्या तिक्रित शहरात त्या दिवसांत जे स्फोट होत होते ते इराकी फौजा आणि अतिरेकी यांच्या लढाईतले.

भारत-पाकिस्तानच्या हेरांनी हातात हात घालून लढणं वगैरे मुद्द्यावर मी वेळ घालवणार नाही. सिनेमात पंचवीस भारतीय आणि पंधरा पाकिस्तानी नर्सेस आहेत. तिक्रितमध्ये अडकलेल्या होत्या ४६, सगळ्या भारतीय, एखादा अपवाद सोडला तर सगळ्या केरळच्या. पडद्यावर शहराचं नावसुद्धा ‘इक्रित’ केलंय. सिनेमावाल्यांनी स्वतः नाव बदललं, संघटनेचं नाव बदललं, माणसं बदलली. सत्यकथा म्हणण्याचा हट्ट आपलाच.

आता एक गोष्ट कबूल करावी लागेल, मन मारून का होईना. निवृत्त गुप्तहेर परत कामावर आला, एवढं त्यात खरं आहे. अजित डोवाल २००५ मध्ये ‘आयबी’चे संचालक म्हणून निवृत्त झाले होते आणि मे २०१४ च्या शेवटी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. लगेच जूनमध्ये हे संकट आलं. ते गुपचूप इराकला जाऊन तिथल्या सरकारातल्या लोकांशी बोलले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तेव्हा ‘म्हातारा वाघ परत आला’ असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. पण ते परदेशात हेरगिरी करणाऱ्या ‘रॉ’चे नव्हेत, देशातली गुप्तवार्ता बघणाऱ्या ‘आयबी’चे. आणि काम होतं बोलण्याचं, ओळखी वापरण्याचं, फोन लावण्याचं. हॉस्पिटलाच्या गच्चीवर मशीनगन घेऊन कुणी चढलं नव्हतं. त्या सुटकेत भारताच्या कुणीही एक गोळी झाडलेली नाही.

मग झालं काय? १० जूनला मोसूल पडलं, पाठोपाठ तिक्रित. तिक्रितच्या टीचिंग हॉस्पिटलात या मुली कामाला होत्या. बऱ्याच जणी कर्ज काढून गेलेल्या, आणि कित्येकींना महिनोन्‌महिने पगार मिळालेला नव्हता. हे वाक्य अक्कांनी दोनदा वाचावं. त्या तेव्हाच परत का आल्या नाहीत, असं लोक विचारत होते. परत येऊन हप्ते कशातून फेडायचे? मी बावीस वर्षं या कामात आहे. आमच्या वॉर्डातल्या तीन मुली आखातात गेल्या, तिघींनीही आईचे दागिने गहाण ठेवून. त्यांच्यासाठी रिकाम्या हाताने परत येणं हे बाँबइतकंच भीतीचं असतं.

त्या मुलींजवळ शस्त्र होतं ते फोनचं. बगदादच्या वकिलातीशी बोलत होत्या, केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्याशी बोलत होत्या, घरी बोलत होत्या. चार्जिंग टिकेल का, रेंज राहील का, या काळजीत. ३ जुलैला अतिरेक्यांनी त्यांना हॉस्पिटल सोडायला लावलं. त्या निघताना स्फोट झाला, काही जणींना काचा लागल्या. बसमध्ये घालून मोसूलला नेलं. कुठे नेतायत, कशाला नेतायत, काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना एर्बिलच्या बाजूला, कुर्दांच्या हद्दीशी आणून सोडलं आणि तिथून आपल्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलं. एअर इंडियाचं खास विमान त्यांना आणि इराकमधल्या आणखी शंभरावर भारतीयांना घेऊन निघालं, मुंबईत इंधनाला थांबलं आणि कोचीला उतरलं. अतिरेक्यांनी आपल्याला मारलं नाही, खायला दिलं, असं त्यांनी आल्यावर पत्रकारांना सांगितलं.

काचा लागलेल्या अवस्थेत, कुठे नेतायत ते माहीत नसताना, त्या एकमेकींना धरून बसमध्ये चढल्या. हिंमत म्हणायची तर ती तिथे आहे. याच घटनेवर ‘टेक ऑफ’ नावाचा मल्याळी सिनेमा ‘टायगर’च्या आधी, मार्च २०१७ मध्ये आला. तोही सिनेमाच, त्यातही पदरचं पुष्कळ आहे, पण त्यात निदान नर्स ही मुख्य बाई आहे. आपल्याकडे तो कुणी बघितला नाही. आपल्याला नर्सला सोडवणारा लागतो, नर्स नको असते.

आणि आता ते वाक्य, ज्यामुळे माझा चहा तसाच गार झाला. ‘सगळ्या भारतीयांना सुखरूप घरी आणलं.’

नाही आणलं. एकोणचाळीस जण आले नाहीत.

त्याच जून महिन्यात, त्याच मोसूलमधून, बांधकामावर काम करणारे चाळीस भारतीय मजूर अतिरेक्यांनी उचलले. एक निसटला. तो परत येऊन सांगत राहिला की बाकीच्यांना माझ्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. सरकारने ते मानलं नाही, पुरावा मिळेपर्यंत शोध थांबवणार नाही म्हणत राहिलं. म्हणून घरच्यांनी वाट बघितली. एक वर्ष, दोन वर्षं, पावणेचार वर्षं.

२० मार्च २०१८ ला तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज राज्यसभेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं की ते एकोणचाळीसही जण मारले गेले आहेत. हे निवेदन अक्कांनी ऐकावं, म्हणून मी त्यांना मुद्दाम काढून दिलं. मोसूलजवळच्या बदूश गावात एक टेकाड. आत काय आहे ते रडारने बघितलं, मग उकरलं. मृतदेह निघाले एकोणचाळीस, बरोबर तेवढेच. लांब केस, हातातलं कडं, ओळखपत्रं. मग घरच्यांच्या रक्ताशी डीएनए जुळवला. २७ पंजाबचे, ६ बिहारचे, ४ हिमाचलचे, २ पश्चिम बंगालचे. २ एप्रिलला तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंह ३८ जणांच्या शवपेट्या घेऊन अमृतसरला उतरले. एकाची ओळख पक्की व्हायची होती, तो मागे राहिला.

‘टायगर जिंदा है’ आला २२ डिसेंबर २०१७ ला. त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबरात, या घरांमधल्या आईबापांनी, भावांनी रक्ताचे नमुने दिले होते. म्हणजे आपण थिएटरात शिट्ट्या मारत होतो तेव्हा ती माणसं रिपोर्टची वाट बघत होती. मी पेशंटच्या नातेवाइकांना रिपोर्टची वाट बघताना रोज बघते. दोन दिवसांत माणसं वाळतात. आणि आज त्यांच्या फोनवरही हा मेसेज जात असेल, ‘सगळे भारतीय सुखरूप’.

या दोन गोष्टींत फरक कशाने पडला, नर्सेस का सुटल्या आणि मजूर का नाही, याचा पूर्ण हिशेब सरकारने कधी जाहीर मांडलेला नाही. पण एवढं तर दिसतंय की सरकार तेच होतं, सुरक्षा सल्लागार तेच होते, अतिरेकी तेच होते. त्या एकोणचाळीस जणांच्या पाठीशी देश नव्हता असं नाही. तरीही ते मेले. युद्ध पेटल्यावर देशाच्या हातात फार थोडं उरतं.

म्हणून माझा संताप सिनेमावर नाही. सलमानने उड्या माराव्यात, तिकीट काढून मीही बघितल्यात. संताप या मेसेजवर आहे, कारण तो वाचून एका आईने काळजी सोडली.

मी पुतणीला जाऊ नको म्हणत नाही. तिला पगार चांगला मिळायला हवा, आणि तो इथे मिळत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण एजंट साडेतीन लाख मागतोय, आणि नोंदणी असलेल्या एजंटाला कायद्याने घेता येतात जास्तीत जास्त तीस हजार, वर जीएसटी. इराकसह अठरा देशांत नर्स म्हणून जायचं तर ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवरून सरकारची मंजुरी लागते, हे त्याने पोरीला सांगितलेलंच नाही. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देतो’ म्हणाला. काल रात्री ती माझ्याकडे वही घेऊन बसली. नोंदणी क्रमांक, कराराची प्रत, हॉस्पिटल नेमकं कुठल्या शहरात, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात राहणार, एवढे चार प्रश्न तिने त्याला पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून नाही.

अक्का, पोरीचं आपण तिघी बसून ठरवू. तोवर तो मेसेज तेवढा काढा. तुमच्या माहेरच्या ग्रुपवरही गेलाय ना, तिथलाही.