सूर्य नैसर्गिक आहे म्हणून बाधत नाही?

टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज आला. पुढच्या आठवडाभरात तोच मेसेज सोसायटीच्या, माहेरच्या आणि मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरूनही फिरत आला. म्हणणं थोडक्यात असं: सूर्यप्रकाश नैसर्गिक आहे, तो कधीच अपाय करत नाही, अपाय करतो तो माणसाने बनवलेला प्रकाश. रोज सकाळी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघा, दहा सेकंदांपासून वाढवत न्या, चष्मा उतरेल. डोळा दुखला नाही म्हणजे सोसतंय. आपल्या सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही, काचेआड आणि ढगाळ हवेत तर मुळीच नाही. डोळे जातात ते मोबाईलच्या निळ्या प्रकाशाने.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींची चित्रं घेते. प्रकाशाने पेशी मरताना मला नेहमी दिसतात. आणि आमच्या वेताळ टेकडीच्या ग्रुपमधल्या एका काकांनी हा मेसेज मनावर घेतला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सूर्यातून आला काय किंवा दिव्यातून आला काय, त्याच्या प्रत्येक कणात ऊर्जा तेवढीच असते. पेशीला त्याचं गाव विचारता येत नाही. किती ऊर्जेचा, किती प्रखर आणि किती वेळ, एवढ्यावर सगळं ठरतं.

आमच्याकडे डिशमध्ये माणसाच्या पेशी वाढवलेल्या असतात आणि त्यांच्यातल्या तंतुकणिकांना, म्हणजे पेशीसाठी ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, चमकणारा रंग दिलेला असतो. सुरुवातीला त्या शेवयांसारख्या लांब, हळूहळू हलणाऱ्या दिसतात. निळा लेसर जोरात ठेवून लागोपाठ चित्रं घेत राहिलं, तर काही मिनिटांत शेवयांचे साबुदाणे होतात. मग पेशी आकसते, तिच्या कडेला फोड येतात आणि ती डिशवरची पकड सोडते. त्याच डिशमध्ये थोडी पलीकडची, प्रकाश न पडलेली पेशी मात्र ठणठणीत असते. तापमान पूर्ण वेळ ३७ अंशांवर धरलेलं असतं, म्हणजे ही पेशी भाजून मेलेली नसते. रंगाने प्रकाश शोषला, ती ऊर्जा ऑक्सिजनला दिली, आणि त्या आक्रमक ऑक्सिजनने पेशीची पटलं आणि प्रथिनं मोडली.

रंग दिला नाही तरी हे टळत नाही. पेशींच्या अन्नद्रवात बी-२ जीवनसत्त्व असतं. त्याच्यावर प्रकाश पडला की हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होतं. म्हणून त्या बाटल्या आम्ही पोळ्या गुंडाळायच्या फॉईलमध्ये गुंडाळून ठेवतो, खिडकीतल्या उन्हापासूनही आणि ट्यूबलाइटपासूनही.

आणि माणसाने बनवलेला प्रकाश वाईटच, हेही खरं नाही. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, कारण तो प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो आणि ते शरीराबाहेर जाऊ शकतं. पण त्या बाळाचे डोळे आधी पट्टीने झाकतात.

आता डोळा. काका साडेसातला टेकडीवर पूर्वेकडे तोंड करून उभे राहत. दहा सेकंदांवरून ते दोन मिनिटांवर गेले. “काहीही त्रास नाही गं, उलट प्रसन्न वाटतं,” असं मला सांगत होते. त्यांना त्रास जाणवणारच नव्हता, कारण दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, वेदना सांगणारे तंतूच नाहीत. डोळ्याचं भिंग सूर्याची प्रतिमा नेमकी त्या बिंदूवर पाडतं, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो. तिथल्या पेशी प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्यांनी भरलेल्या असतात आणि त्यांना ऑक्सिजनही भरपूर मिळतो. माझ्या डिशमध्ये जे घडतं, त्याची सगळी सामग्री तिथे आयती मांडलेली असते. नुकसान कळतं ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी.

काकांना ते पेपर वाचताना कळलं. शब्दाकडे बघितलं की नेमकं मधलं अक्षर गळायचं, बाजूची दोन दिसायची. डॉक्टरांनी ओसीटी तपासणीत, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या चित्रात, त्यांना दृष्टिपटलाच्या मधोमध एक बारीक फट दाखवली. बऱ्याच जणांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. ती फट नक्की भरून काढेल असं सिद्ध झालेलं औषध नाही. काका अजून वाट बघतायत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

‘दुखलं नाही म्हणजे सोसतंय’ हे वाक्य मला या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाटतं. डोळ्याचा पुढचा पडदा दुखणारा आहे, पण त्याची वेदनाही उशिरा येते. भोसरीतल्या कुठल्याही वेल्डरला विचारा. दिवसा काच न लावता ठिणगी बघितली की डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग रात्री सुरू होते, सहा ते बारा तासांनी.

क्षितिजाला टेकलेला लाल गोळा सौम्य असतो, हे मान्य. हवेच्या जाड थरातून येताना त्याचा निळा भाग बराचसा विखुरलेला असतो. पण पुण्यात इमारतींच्या आणि धुरकटाच्या वर येईपर्यंत सूर्य बराच चढलेला असतो, आणि दर मिनिटाला प्रखर होत जातो. चष्म्याचं म्हणाल, तर नंबर ठरतो डोळ्याच्या लांबीवर आणि बुबुळापुढच्या पडद्याच्या बाकावर. सूर्याकडे बघून ते बदलत नाही. मुलांनी रोज बाहेर उजेडात खेळावं, त्याने मायनस नंबर (लांबचं धूसर दिसणं) लागण्याचा धोका कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलंय. पण त्यात मुलं चेंडूकडे बघत असतात. माझी आजी रोज अर्घ्य द्यायची, तेव्हा तिची नजर ओंजळीतून पडणाऱ्या पाण्यावर असायची.

सावळ्या कातडीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो पटकन पटतो. मेलॅनिनमुळे आपल्यात त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी आढळतो. पण ते कवच अपुरं असतं. अतिनील किरण पेशीत शिरले की डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी तो तुकडा कापून नवा बसवते. ही दुरुस्ती उलगडण्याच्या कामात अझीझ सांजार या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, त्यांना २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ज्या मुलांमध्ये ही दुरुस्ती जन्मतःच बिघडलेली असते, त्यांना लहान वयातच त्वचेचे कर्करोग होतात, वर्ण कोणताही असो. बाकी आपल्याला उन्हाने वांग वाढतं, सुरकुत्या येतात, मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवसांत दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि ११ पासून पुढे ‘अतितीव्र’ म्हणतात. स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींच्या स्कार्फला आणि सनकोटला पुण्यात लोक हसतात. मला तो पोशाख अगदी शहाणपणाचा वाटतो.

काचेआडचं म्हणाल, तर साधी काच अतिनीलातला बी पट्टा (यूव्ही-बी) अडवते, ए पट्टा (यूव्ही-ए) बराचसा आत सोडते. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो छापून आला होता: खिडकीकडचा डावा गाल वळ्या पडून लोंबलेला, उजवा वयाच्या मानाने नीट. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक. विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली पोचतात.

मोबाईलचं लवकर आटपते. त्याच्या पडद्याची उजळता दिवसाच्या निळ्या आकाशापेक्षाही कितीतरी कमी असते. त्याने दृष्टिपटल जळत नाही. डोळे चुरचुरतात ते पापणी कमी लवते म्हणून, आणि रात्री उशिरापर्यंत बघितलं तर झोप बिघडते.

ज्यांनी मेसेज वाचून सूर्याकडे बघायला सुरुवात केलीय, त्यांनी ते आजच थांबवा. एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एका तारखेकडे बघा, मग दुसऱ्या डोळ्याने. आकडा मधोमध तुटलेला, वाकडा किंवा पुसट दिसला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस, किती वेळ बघत होतात ते न लाजता सांगा.