21 दिवसांची मोजणी सोडा

पाडवा असो नाहीतर श्रावण, आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "कोणतीही सवय 21 दिवसांत लागते. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा. जमलं नाही तर मनोबल कमी पडलं." माझ्या मामांनी तो मनावर घेतला. रक्तात साखर निघाल्यापासून रोज पहाटे पर्वती चढायला लागले होते. सतराव्या दिवशी पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्या, गेले नाहीत. "मोजणी मोडली रे," म्हणाले, आणि बूट माळ्यावर गेले. मला याचाच राग आहे.

"21 दिवसांत सवय लागते." मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 च्या पुस्तकात लिहिलं, की पेशंटना नवा चेहरा आपला वाटायला किमान 21 दिवसांच्या आसपास लागतात. ही डॉक्टरची निरीक्षणं, प्रयोग नव्हे. त्यातला 'किमान' पुढे गळून गेला. आणि आरशातल्या नव्या नाकाची सवय होणं कुठे, पहाटे पाचला पांघरूण टाकून उठणं कुठे!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. 96 जण, 84 दिवस, रोजची नोंद. कृती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असं त्यांच्या नोंदींच्या आलेखावरून दिसलं. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

"चुकला की पहिल्यापासून." हे सगळ्यात घातक. त्याच अभ्यासात एखादा दिवस हुकल्याने सवय बसण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ते साहजिकच आहे. सवय म्हणजे ठरावीक खुणेला ठरावीक कृती जोडली जाणं. गजर, अर्धा कप चहा, बुटाची नाडी, मग रस्ता: ही साखळी मामांनी सोळा वेळा ओवली होती. एका पावसाने ती कशी तुटेल?

"मनोबल कमी." अमेरिकेतल्या एका प्रयोगात सिनेमागृहात पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी आठवड्यापूर्वीचे शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले. तेच मीटिंगच्या खोलीत दिल्यावर नाही. माणसं तशीच, जागा बदलली. म्हणजे प्रश्न मनोबलाचा नाही, खुणेचा.

म्हणून मी मामांचे बूट माळ्यावरून काढून दाराशी ठेवले, दुधाची पिशवी घेताना पायाशी येतील असे. काल पाऊस होता, ते गेले नाहीत. आज गेले.