लग्नपत्रिकेच्या फॉन्टबद्दल ताईंच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान वाढवताना वाचला. इंग्रजी बाजूचा पत्ता कुणाला वाचताच आला नाही, पुण्याचे काका-काकू बायपासवर गार्डन शोधत उन्हात तासभर फिरले, फॉन्ट जुनाट आहे आणि फुकटच्या फॉन्टचे पैसे लावले, असं तुम्ही लिहिलंय.

पत्त्याचं अगदी खरंय आणि चूक माझीच. नावं प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टमध्ये होती, सगळं एकसारखं दिसावं म्हणून मी पत्ताही त्यातच लावला, तोही ८ पॉइंटला, मरून कागदावर सोनेरी फॉइलने. या फॉन्टचा उभा दांडा भरीव आणि आडवी रेघ केसासारखी असते, मोठ्या नावात ती काय सुंदर उठते, पण ८ पॉइंट म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर, तिथे फॉइल ती रेघ धरतच नाही. आज भिंग लावून बघितलं तर ‘गेट’मधल्या ई ची मधली रेघ उडालीये आणि त्याचा चक्क सी झालाय. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, तुम्ही मोबाइलवर बोटांनी मोठं करून ओके केलं, तिथे सगळं स्वच्छच दिसतं, खऱ्या कागदावर एक काढून दाखवणं माझं काम होतं.

मराठी बाजूला रोझा वन हा फॉन्ट आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा, तोही जाड-बारीकवालाच, पण तो फक्त ‘श्री गजानन प्रसन्न’ आणि नावांपुरता ठेवला, मुहूर्त आणि स्थळ साध्या अक्षरात, म्हणून तिकडे काही अडलं नाही. इंग्रजीतही हेच करायला हवं होतं.

पण जुनाट म्हणालात ते मनाला लागलं हो. प्लेफेअर २०११ चा आहे, डेन्मार्कच्या क्लाउस एगर्स सोरेनसेनने केलेला, वळण मात्र १८ व्या शतकातल्या बास्करव्हिल या इंग्रजी फॉन्टच्या घराण्याचं, टोकदार निबवर दाब दिला की रेघ जाड आणि सैल सोडली की बारीक, त्यातूनच तो थाट येतो. साडीच्या दुकानाची पाटी, मिठाईचा डबा, लग्नातली दोन नावं, जिथे शब्द थोडे आणि मोठे तिथे याला तोड नाही. तुमच्या पत्रिकेत दोन नावांमधलं ते तिरपं अँडचं चिन्ह बघा, नुसत्या त्याच्यासाठी मी हा फॉन्ट निवडतो.

आणि फॉन्ट फुकटच आहे, ओपन लायसन्सचा, बिलात त्याचा एक रुपयाही नाही, जे लावलंय ते सेटिंगचं, म्हणजे अक्षरं जुळवून मांडण्याचं. मुलीच्या नावात ए आणि व्ही शेजारी आलेत, कॅपिटलमध्ये तिथे भोक पडल्यासारखं दिसतं, ते अंतर हाताने जुळवत मी अर्धा दिवस बसलो होतो.

फॉइलचे सगळे पैसे परत करतोय, राजवाड्याकडे आलात तर दुकानात या नाहीतर यूपीआयवर टाकतो. काका-काकूंना फिरावं लागलं त्याचं फार वाईट वाटतंय, माझ्यातर्फे त्यांची माफी मागा.