मुंबईत बारा वाजता सूर्य डोक्यावर नसतो

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या सहावीच्या वर्गावर बी.एड.ची एक छात्रशिक्षिका सराव पाठ घेत होती. टाचण नीटनेटकं, तक्ते रंगीत. फळ्यावर तिने लिहिलं, ‘दुपारी १२ वाजता सूर्य डोक्यावर येतो, सावली सर्वांत लहान असते.’ मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “पण बाई, मधल्या सुट्टीत बारानंतर पण लहान होत होती.” ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “लिहून घे, परीक्षेत येतं.”

हसू नका. तेच वाक्य मी पहिली अकरा वर्षं शिकवलंय, आणि या मुंबईतच.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही झाडूचा दांडा पेव्हर ब्लॉकच्या फटीत रोवला. मीटरभर वर राहील असा, ओळंबा लावून. बाराला सावली ९० सेंटिमीटर. पावणेएकला ८५. एकाजवळ ती पुन्हा वाढू लागली. अगदी शेवटी सावली इतकी हळू बदलते की नेमका क्षण पकडता येत नाही, म्हणून मुलांनी साडेअकराची खूण ठेवली होती. तेवढीच सावली परत आली दोन वाजून पाच मिनिटांनी. मध्य काढला तर १२.४८ च्या आसपास.

कारण साधं आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, मुंबई ७३ अंशाजवळ. अंशाला चार मिनिटं धरली तर अडतीसेक मिनिटं होतात. उरलेला फरक पृथ्वीच्या कलत्या अक्षाचा आणि लंबवर्तुळाकार कक्षेचा. तो वर्षभर बदलत राहतो, तरी इथे मध्यान्ह १२.२२ च्या आधी कधी होत नाही आणि फेब्रुवारीत १२.५३ पर्यंत लांबते. १९५५ पर्यंत या शहरात ‘बॉम्बे टाइम’ पाळायचे, आजच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे. आजोबांच्या पिढीचं घड्याळ सूर्याला जास्त धरून होतं म्हणायचं.

छात्रशिक्षिका दांड्याशेजारी उकिडवी बसून माप घेत होती. मला म्हणाली, “मॅडम, मी बी.एस्सी. आहे, पण स्वतः कधी मोजलंच नव्हतं.”

माझं म्हणणं या वाक्याभोवती आहे. बी.एड. आता दोन वर्षांचं झालंय. त्यात उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, मूल्यमापनाच्या पायऱ्या, सगळं असतं. पण होणाऱ्या शिक्षकाने एकदा तरी पुस्तकातलं वाक्य उन्हात नेऊन तपासावं, चुकावं, आणि चाळीस मुलांसमोर “थांबा, मलाही बघू द्या” म्हणावं, याला एक गुण नाही. मग आम्ही जर्नलं तपासतो ज्यात निरीक्षणाचा तक्ता प्रयोगाआधीच भरलेला असतो. सगळ्यांचं उत्तर बरोबर, सगळ्यांचं सारखं! सेवांतर्गत प्रशिक्षणाबद्दल काय बोलावं. लिंक येते, व्हिडिओ चालू ठेवून आम्ही डबा खातो, प्रमाणपत्र डाउनलोड करतो.

शिक्षकांना वेळ नसतो, मतदार याद्यांची कामं असतात, हे खरंच. पण दांड्याला खर्च शून्य आणि वेळ दोन मधल्या सुट्ट्या. याच शहरात मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. माझ्या बी.एड.च्या वर्षात आम्हाला दोन्हीकडे कुणी नेलं नाही. एका मॉलला मात्र सहल गेली होती. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, त्यात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनही आहे; ते पान आम्ही २६ जानेवारीला वाचून घेतो.

छात्रशिक्षिकेने टाचण दुरुस्त केलं. परीक्षक म्हणाले, पुस्तकात बारा आहे तर बाराच ठेवा, मुलं गोंधळतात.

मुलगा काही गोंधळलेला नव्हता. त्याने विचारलं, सावली अगदी नाहीशी कधी होते? मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, मी सांगितलं. जुलैत पाऊस, मेमध्ये शाळा बंद. म्हणाला, “मी बिल्डिंगच्या गच्चीवर करतो, पण चावी सेक्रेटरीकडे असते.” सेक्रेटरीच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आहे.