बॉम्बच्या कारखान्याचे शेजारी

ब्रिटनची अण्वस्त्रं लंडनजवळच्या रीडिंग शहराच्या शेजारी तयार होतात, हे रीडिंगमध्ये राहणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींच्या गावीही नसतं. कुठली शाळा चांगली, लंडनची कुठली गाडी पकडायची, जाडे पोहे कुठल्या दुकानात मिळतात, हे सगळं आम्हाला तोंडपाठ. पण शहराच्या नैर्ऋत्येला बर्गफील्ड आहे. पाणबुड्यांतून डागायच्या ट्रायडंट क्षेपणास्त्रांवर बसणारी अण्वस्त्रं तिथे जोडली जातात आणि जुनी झाली की सुटी केली जातात. तिथून थोडं पुढे ऑल्डरमास्टन, जिथे त्यांची रचना ठरते आणि प्लुटोनियमचं काम चालतं. ग्रीन पार्कमधल्या आयटी ऑफिसांत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे आपले लोक या कुंपणापासून गाडीने काही मिनिटांवर असतात.

हे मला कळलं ते न्यूक्लिअर इन्फर्मेशन सर्व्हिस नावाच्या एका छोट्या ना-नफा संस्थेच्या अहवालांमुळे. शांततावादी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेणबत्त्या आणि पांढरी कबुतरं येतात. या लोकांचं काम त्यापेक्षा बरंच रूक्ष. माहिती अधिकाराचे अर्ज करायचे, मंत्रालयाने काळी शाई फासून पाठवलेले कागद वाचायचे, हिशेब तपासायचे. २०१७ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या अण्वस्त्र कार्यक्रमातल्या ११० अपघातांची आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची जंत्री छापली. जुलै २००७ च्या पुरात बर्गफील्डच्या आवारात पाणी शिरलं होतं आणि अण्वस्त्रांचं काम काही महिने बंद ठेवावं लागलं होतं, हे तपशीलही अशाच कागदांतून बाहेर आले. न्यूकवॉच हा त्यांचाच भाऊबंद. बर्गफील्डहून स्कॉटलंडमधल्या कूलपोर्टच्या कोठारापर्यंत अण्वस्त्रांचे गडद हिरवे ट्रक सार्वजनिक रस्त्याने जातात. न्यूकवॉचचे स्वयंसेवक पुलांवर उभे राहून ते ताफे मोजतात, फोटो काढतात आणि वाटेतल्या गावांना कळवतात की आज तुमच्या दारावरून काय गेलं.

या सगळ्याची आजी म्हणजे १९५८ ची सीएनडी, अर्थात अण्वस्त्र निःशस्त्रीकरण मोहीम. त्याच वर्षी ईस्टरच्या सुट्टीत हजारो लोक लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून ऑल्डरमास्टनपर्यंत चालत आले. आज टी-शर्टांवर दिसणारं शांततेचं वर्तुळाकार चिन्ह जेराल्ड होल्टमने त्या मोर्चासाठी काढलं होतं.

आता खरं बोलायचं तर एवढी वर्षं चालून, बसून, तुरुंगात जाऊन या लोकांनी ब्रिटनकडून अण्वस्त्रं सोडवून घेतलेली नाहीत. १८ जुलै २०१६ ला संसदेने ट्रायडंटच्या नव्या पाणबुड्यांना ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजुरी दिली. २०२१ मध्ये सरकारने अण्वस्त्रांची कमाल मर्यादा १८० वर आणण्याचं ठरलेलं असताना ती उलट २६० केली. २०२५ च्या जूनमध्ये नव्या अण्वस्त्रासाठी १५ अब्ज पौंड जाहीर झाले. निकाल लावायचा तर हे लोक हरले.

पण एक गोष्ट त्यांनी साधली आहे, आणि मला तीच मोठी वाटते. बॉम्ब बनतो ती जागा त्यांनी कारखाना म्हणून पाहायला लावली, आणि कारखान्याला शेजारी असतात.

बर्गफील्डजवळ राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या फ्रिजवर एक पत्रक लावलेलं आहे, कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक आणि पिझ्झावाल्याचं मेनूकार्ड यांच्या मधोमध. आत काही घडलं तर घरात जा, दारंखिडक्या लावून घ्या, रेडिओ लावा, सांगेपर्यंत बाहेर पडू नका, असं त्यावर छापलंय. असं पत्रक ज्या घरांना जातं त्या आपत्कालीन नियोजन क्षेत्राची त्रिज्या नवे नियम आल्यावर २०२० मध्ये दुपटीहून जास्त झाली, ३ किलोमीटरच्या थोडी पुढे गेली. त्याचा थेट परिणाम असा की ग्रेझली गावाजवळ १५,००० घरांची जी नवी वस्ती व्हायची होती, ती योजना बारगळली. बिल्डर चिडले, कौन्सिलवाले वैतागले, पण नकाशा सर्वांसमोर होता. त्याआधी २०१८ मध्ये तर आणखी नवल. ऑल्डरमास्टनमध्ये विजेच्या कामात एक कंत्राटी कामगार भाजता भाजता वाचला, तेव्हा अणू नियामकाने कारखान्यावर खटला भरला आणि रीडिंगच्या कोर्टाने दंड ठोठावला. देशाचा बॉम्ब बनवणाऱ्यांना गावच्या कोर्टात उभं राहावं लागलं. हे सगळं आंदोलकांमुळेच झालं असा दावा मी करणार नाही. नियामक आपलं काम करतो. पण त्याच्या खांद्यावरून डोकावून बघणारी माणसं कायम असली की त्याचंही काम जरा नीट होतं.

मी वाढले चेंबूरला. एलिफंटाच्या लाँचमधून ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांचे घुमट दिसायचे, बाबा अभिमानाने दाखवायचे. १९७४ चा पोखरणचा स्फोट म्हटलं की आपल्याला राजस्थानचं वाळवंट आठवतं. पण त्यातलं प्लुटोनियम आलं होतं ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतून, म्हणजे गोवंडी, मानखुर्द आणि ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या अगदी उशाशी. मग मला तिकडच्या भिंतीपलीकडचं काय माहीत होतं? काहीच नाही, आणि विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं. अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय अणुशक्तीनगरमध्येच आहे. मात्र २००० सालच्या सरकारी आदेशाने ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रावरचा त्याचा अधिकार काढून घेतला गेला आणि केंद्राची सुरक्षा केंद्राच्याच अंतर्गत परिषदेकडे गेली. नियामक शेजारी राहतो, पण त्या दारावरची बेल त्याने वाजवायची नाही. यावर मराठीत किती चर्चा झाली? ‘बॉम्ब हवा की नको’ यावर मात्र पोखरण-२ पासून आपण थकलेलो नाही.

२०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही तेच झालं. अण्वस्त्रांच्या धमक्यांना भीक घालणार नाही, असं पंतप्रधान १२ मे २०२५ ला म्हणाले आणि ग्रुपवर झेंड्यांचा पाऊस पडला. मी दोन ओळी लिहिल्या, तर पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, “ताई, तुझ्या शेजारी फ्रान्स आहे. आमच्या शेजारी कोण आहे बघ.”

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नाटोच्या छत्रीखाली बसून भारताला निःशस्त्रीकरणाचे धडे देणं सोपं असतं, आणि ब्रिटनचं सरकार तर ते स्वतःचा साठा जपत १९९८ च्या पोखरण-२ नंतर देऊन मोकळं झालं. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारावर सही भारताने केली नाही, तशी ब्रिटननेही नाही. भारताने एकतर्फी बॉम्ब टाकून द्यावा असं मलाही वाटत नाही. इथल्या आंदोलकांशी माझे खटके उडतात ते नेमके यावरूनच. दक्षिण आशियाबद्दल ते बोलतात तेव्हा त्यात ‘तिकडचे लोक भावनाप्रधान’ असा एक सूर लागतो, आणि त्यांच्या सभेत पन्नाशीच्या आतली व्यक्ती बहुधा मी एकटीच असते.

पण मामेभावाला मी विचारलं ते वेगळंच होतं. बॉम्ब ठेव, पण तो जिथे बनतो तिथल्या भिंतीपासून कोळीवाडा किती अंतरावर आहे, हे सांगणारं पत्रक कोळीवाड्यात गेलंय का? हा प्रश्न पाकिस्तान शेजारी असतानाही विचारता येतो. खुद्द भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या देतात. १९८८ च्या करारानुसार त्यांवर हल्ला करायचा नाही असं ठरलंय, आणि हे युद्धाच्या तोंडावरही चुकत नाही. म्हणजे शत्रूला द्यायला यादी आहे.

असे प्रश्न विचारणारे आपल्याकडे नव्हते असंही नाही. माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिले आणि अण्वस्त्रांविरुद्ध, पाकिस्तानशी संवादासाठी अखेरपर्यंत बोलत राहिले. मॅगसेसे मिळाला, पण ‘नोकरी संपल्यावर सुचलेली अक्कल’ हा शेरा चुकला नाही. जैतापूरला साखरीनाट्याच्या मच्छीमारांनी तर अगदी बर्गफील्डच्या धाटणीचा प्रश्न विचारला होता: प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात सुटलं तर मासळीचं काय? तो वीजप्रकल्प, बॉम्ब नव्हे, हे मान्य. उत्तर मिळालं विकासविरोधी असल्याचं, आणि एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक जीव गेला.

मला मुंबईत हवी आहे ती अशी एखादी संस्था, जिच्या सभासदांना बॉम्बच्या विरोधात असण्याचीही सक्ती नाही. दोन वकील, एक निवृत्त अभियंता, कोळीवाड्यातल्या चार बायका आणि टपालखर्चापुरते पैसे. अर्ज करायचे, नकार आला की अपील करायचं, आलेला नकारही छापायचा.

हे ग्रुपवर लिहिलं तर मामेभावाने उत्तर दिलं, “ताई, असलं विचारत बसलीस तर तुझं ओसीआय कार्ड जाईल.” हे कार्ड म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचा भारतात येण्या-राहण्याचा परवाना. तो चेष्टेत म्हणाला. पण या लेखाखाली पूर्ण नाव घालायचं की नुसती आद्याक्षरं, यावर आमच्या घरी नंतर बराच वेळ बोलणं झालं.